चलन पडलं, ड्युटी वाढली... मग कारखान्याचं नक्की काय होतं? स्वतः हिशोब कसा लावायचा

चलन घसरल्याची बातमी आली की निम्मे लोक म्हणतात वाट लागली, निम्मे म्हणतात एक्स्पोर्टवाल्यांची चांदी झाली, आणि आयात ड्युटी वाढली की जवळपास सगळेच म्हणतात देशी उद्योगाला संरक्षण मिळालं. मी बरीच वर्षं कॉस्टिंगचं काम केलंय आणि मला यातलं एकही वाक्य धड पटत नाही, कारण तीच बातमी एका कारखान्याला तारते आणि भिंतीपलीकडच्या कारखान्याला बुडवते. कोण कुठल्या बाजूला पडणार हे कळायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही, एक कागद आणि कॅल्क्युलेटर पुरतो. कसं ते सांगतो.

आधी एक वस्तू घ्या आणि तिचा खर्च फोडा

"उत्पादन क्षेत्र" वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवा. एक वस्तू घ्या, पंप घ्या, खुर्ची घ्या, काहीही. समजा ती १०० ला विकली जाते. आता त्या १०० मधले किती बाहेरून येणाऱ्या मालाचे, किती देशातल्या खर्चाचे (पगार, वीज, भाडं, लोकल माल) आणि किती हातात उरतात ते लिहा.

इथेच पहिली चूक होते. लोक फक्त स्वतः इम्पोर्ट केलेला माल धरतात. पण शेजारच्या सप्लायरकडनं घेतलेला प्लास्टिकचा पार्ट लोकल वाटतो आणि त्याचे दाणे कुठून तरी जहाजाने आलेले असतात. तांबं, अ‍ॅल्युमिनियम हे देशात बनलेलं असलं तरी भाव लंडनच्या मेटल एक्स्चेंजकडे बघून ठरतो, तोही डॉलरमध्ये. म्हणजे बिल लोकल, भाव परदेशी. सप्लायरला सरळ विचारा, "डॉलर वाढला तर तू रेट वाढवणार का?" तो हो म्हणाला तर तो खर्च बाहेरच्या रकान्यात टाका, विषय संपला.

आता दोन कारखाने घेऊ. पहिल्याचा बाहेरचा खर्च ३०, देशातला ६०, नफा १०. दुसरा नुसता जोडणी करतो, त्याचा बाहेरचा खर्च ८०, देशातला १०, नफा १०. दोघांचा नफा सारखाच. आता समजा आपलं चलन पडलं, म्हणजे परकीय चलन १० टक्क्यांनी महागलं.

दोघंही परदेशात विकत असतील आणि तिकडची किंमत तीच ठेवली तर हातात ११० येतात. पहिल्याचा बाहेरचा खर्च ३३ झाला, देशातला ६० च राहिला, नफा १७. दुसऱ्याचा बाहेरचा खर्च ८८, देशातला १०, नफा १२. म्हणजे एकाच घसरणीत एकाला ७ जास्त मिळाले आणि दुसऱ्याला २.

आता दोघंही फक्त देशात विकतात आणि किंमत १०० च ठेवावी लागते असं धरा. पहिल्याचा नफा १० वरून ७ वर येतो, दुसऱ्याचा २ वर. तो दुसरा तर जवळपास गेलाच. हां, पण देशातल्या बाजारात त्याची टक्कर आयात मालाशी असेल तर तो आयात माल पण महाग झालेला असतो, मग याला किंमत वाढवायला थोडी जागा मिळते. पण ती जागा आहे की नाही हे आधी तपासा, सगळी टक्कर देशातल्याच लोकांशी असेल तर कुणी पहिल्यांदा रेट वाढवायचा यावरच सगळे अडून बसतात.

म्हणून मी कुणी "चलन पडणं चांगलं की वाईट" विचारलं की उलट दोनच गोष्टी विचारतो, माल कुठनं येतो आणि विकता कुठं.

गिऱ्हाईक गप्प बसत नसतं

वरच्या हिशोबातले १७ कागदावरचे आहेत बरं का. प्रत्यक्षात परदेशी गिऱ्हाइकाला पण बातम्या दिसतात. घसरणीनंतर पुढच्या ऑर्डरला त्याचा मेल येतोच, की तुमचं चलन पडलंय तर आम्हाला पण काहीतरी द्या. मी स्वतः एकदा अशा घसरणीनंतर खुशीत नवीन मार्जिन शीटवर टाकून मोकळा झालो होतो, पुढच्या वाटाघाटीत त्यातलं निम्म्याहून जास्त डिस्काउंटमध्ये गेलं आणि मला साहेबांसमोर जुनी शीट काढून दाखवावी लागली, असो.

किती हातात राहील हे यावर ठरतं की तुमच्याशी स्पर्धा करणाऱ्या देशांची चलनं पण पडलीत का. सगळ्यांचीच पडली असतील तर फायदा गिऱ्हाइकाच्या खिशात जाणार. आणि देशात महागाई जोरात असेल तर अजून एक गंमत होते, चलन १० टक्के पडलं पण पगार, वीज, भाडं पण बाहेरच्या देशांपेक्षा १० टक्के जास्त वाढलं, की स्पर्धेतली जागा होती तिथेच. यासाठी नुसता डॉलरचा रेट बघू नका, खरा प्रभावी विनिमय दर म्हणून एक आकडा असतो (ज्यांच्याशी व्यापार आहे त्या सगळ्यांची चलनं आणि महागाई धरून काढलेला), तो बघा.

आणि माल युरोपात जातो म्हणून फक्त युरो बघत बसू नका. जगातला कितीतरी व्यापार असा आहे की विकणारा अमेरिकन नाही, घेणारा अमेरिकन नाही, पण बिल डॉलरमध्ये. बिलावर कुठलं चलन आहे ते बघायचं.

फायदा उशिरा येतो, खर्च आधी

बाहेरचा माल पुढच्या कन्साइनमेंटलाच महाग होतो, पण नवीन गिऱ्हाईक मिळायला, सँपल पास व्हायला, लाइन वाढवायला महिने जातात, कधी वर्षं. त्यामुळे चलन पडल्यावर देशाची व्यापारी तूट आधी वाढते आणि मग कमी व्हायला लागते, इंग्रजी जे अक्षरासारखा आकार येतो म्हणून याला जे-कर्व्ह म्हणतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १९८५ चा प्लाझा करार. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन बसले आणि ठरवलं की डॉलर खाली आणायचा. तेव्हा एका डॉलरला साधारण २४० येन मिळायचे, १९८७ संपताना १२५ च्या आसपास आले. इतकी घसरण होऊनही अमेरिकेची व्यापारी तूट १९८७ पर्यंत वाढतच होती, त्यानंतर कुठे उतरायला लागली. आणि तिकडे जपानी कंपन्यांनी काय केलं, तर महाग येनमध्ये घरी बनवणं परवडेना म्हणून थायलंड, मलेशियात कारखाने टाकले. चलनाने कारखाना बंद पडतोच असं नाही, कधी तो उठून दुसऱ्या देशात जाऊन बसतो.

चलन मजबूत झालं तर हे सगळं उलटं. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक हा दर २०११ पासून धरून ठेवला होता, १५ जानेवारी २०१५ ला अचानक सोडून दिला आणि फ्रँक काही मिनिटांत उसळला. तिथल्या काही कारखान्यांनी मग त्याच पगारात आठवड्याचे कामाचे तास वाढवले. तेल किंवा गॅस सापडला तरी असंच होऊ शकतं. नेदरलँड्समध्ये १९५९ ला ग्रोनिंगेनला गॅस सापडला, निर्यातीचा पैसा आला, गिल्डर (तिथलं तेव्हाचं चलन) महागला आणि बाकीच्या कारखान्यांचा माल बाहेर महाग पडायला लागला. डच डिसीज हे नाव त्यावरूनच पडलंय.

अजून एक रकाना विसरू नका, परकीय कर्ज. जुलै १९९७ मध्ये थायलंडने आपलं चलन बाथ धरून ठेवलेल्या दरातून मोकळं सोडलं तेव्हा डॉलर साधारण २५ बाथला होता, काही महिन्यांत ५० च्या वर गेला. माल स्वस्त झाला म्हणून एक्स्पोर्ट वाढायला हवा होता ना, पण ज्यांनी डॉलरमध्ये कर्ज काढलं होतं त्यांचं कर्ज रातोरात फुगलं, बँका पण अडचणीत, मग ऑर्डर असून माल घ्यायला पैसा नाही.

आता ड्युटीचा हिशोब, इथे तर जास्तच फसगत होते

ड्युटी किती लावली ते बघू नका, कशावर लावली ते बघा. परत १०० ची वस्तू घ्या. ड्युटी नसताना तिच्यात ६० चा कच्चा माल जातो, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या कामाचे ४०. आता तयार मालावर १० टक्के ड्युटी आली आणि कच्च्या मालावर शून्य, तर कारखानदार ११० पर्यंत विकू शकतो, ६० वजा केले की ५०. चाळीसचे पन्नास म्हणजे खरं संरक्षण २५ टक्के झालं, दिसायला १० होतं.

उलटं करा. तयार मालावर तेच १० टक्के पण कच्च्या मालावर २० टक्के. विक्री ११०, कच्चा माल ७२, राहिले ३८. म्हणजे ड्युटी नव्हती तेव्हाच बरं चाललं होतं! यालाच उलटी ड्युटी रचना म्हणतात आणि अशा वेळी इथे बनवण्यापेक्षा तयार माल आणून विकणं सोपं पडतं. पेपरात "उद्योगाला संरक्षण" अशी हेडलाइन आली की मी पहिलं हे गणित करतो.

२०१८ मध्ये अमेरिकेने पोलादावर २५ टक्के आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के ड्युटी लावली. पोलाद बनवणाऱ्यांना बरं वाटलं, पण पोलाद विकत घेऊन काहीतरी बनवणारे कारखाने आणि त्यातले कामगार कितीतरी जास्त, त्यांचा कच्चा माल महागला. वर युरोपने बदला म्हणून अमेरिकन मोटारसायकलींवरची ड्युटी ६ वरून ३१ टक्क्यांवर नेली, तर हार्ले-डेव्हिडसनने युरोपसाठीचं काही उत्पादन अमेरिकेबाहेर न्यायचं जाहीर केलं. म्हणजे ज्याचा पोलादाच्या ड्युटीशी थेट संबंध फक्त कच्च्या मालापुरता, त्याला दोन्हीकडून मार.

त्याच वर्षी वॉशिंग मशीनवर ड्युटी आली. मशीनच्या किमती साधारण १२ टक्के वाढल्या, ते समजू शकतो, पण ड्रायर पण महागले ज्यांच्यावर ड्युटीच नव्हती, कारण तिकडे ही दोन्ही जोडीने विकली जातात आणि कंपन्यांनी वाढ दोघांत वाटून टाकली. कारखाने आले, नोकऱ्या आल्या हे पण खरं, फक्त त्याची किंमत कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने भरली.

कोटा असेल तर अजून वेगळं वागतात लोक. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेत वर्षाला १६.८ लाखच गाड्या पाठवायचं मान्य केलं. नगांवर मर्यादा आली ना, मग त्यांनी छोट्या स्वस्त गाड्यांऐवजी मोठ्या महाग गाड्या पाठवायला सुरुवात केली आणि तिथेच कारखाने पण टाकले. आणि पळवाटा काढण्यात तर लोक हुशार असतातच, अमेरिकेत हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के ड्युटी आहे, तर फोर्डने तुर्कीत बनलेल्या व्हॅन मागच्या सीट लावून प्रवासी गाडी म्हणून आणल्या आणि बंदरावर उतरल्यावर सीट काढून टाकल्या. शेवटी प्रकरण अंगाशी आलं, पण काही वर्षं चाललं. म्हणून नियम वाचताना वस्तूची व्याख्या काय केलीय ते नीट वाचा, सगळी मेख तिथे असते. मुक्त व्यापार करारातही तसंच, सवलत मिळायला मालाचा किती हिस्सा कराराच्या देशांत बनला पाहिजे ते ठरलेलं असतं, उत्तर अमेरिकेच्या २०२० च्या करारात गाड्यांसाठी ते प्रमाण ६२.५ वरून ७५ टक्क्यांवर नेलंय.

दोन्ही एकत्र मांडा

चलन पडणं म्हणजे सगळ्या आयातीवर ड्युटी आणि सगळ्या निर्यातीला सबसिडी एकदमच, त्यात निवडीला वाव नाही, तुमचा कच्चा माल पण त्यात आला. ड्युटी मात्र निवडून लावता येते, म्हणून तिच्यामागे लॉबिंग असतं. आणि दोन्ही एकमेकांवर चढतात. १०० चा माल, १० टक्के ड्युटी, पडतो ११०. परकीय चलन १० टक्के महागलं की माल ११० आणि त्यावर ड्युटी ११, झाले १२१. उलट चलन मजबूत झालं तर ती १० टक्के ड्युटी कुणाला कळणार पण नाही इतकी सहज धुऊन जाते, आणि सरकार म्हणत बसतं आम्ही तर संरक्षण दिलं होतं.

कागदावर शेवटी अजून एक ओळ टाका, हे किती दिवस टिकेल. मशीन १०-१५ वर्षांसाठी घेतात, ड्युटी एका नोटिफिकेशनने बदलते. त्यामुळे ड्युटी वाढली म्हणून लगेच कुणी नवीन लाइन टाकत नाही, आधी आहे त्याच मशीनवर जादा शिफ्ट लावतात आणि थांबून बघतात.

आणि तुम्ही स्वतःच अशा कारखान्यात असाल तर अकाउंटवाल्यांना एक विचारून घ्या, कॉस्टिंगला कुठल्या तारखेचा रेट धरता? ऑर्डर घेतली त्या दिवशीचा, माल सुटला त्या दिवशीचा की पैसे आले त्या दिवशीचा. या तिन्हींत कधी कधी चार महिन्यांचं अंतर असतं आणि पातळ मार्जिनचा धंदा असेल तर सगळा नफा त्या चार महिन्यांतच इकडेतिकडे होतो. बँकेत फॉरवर्ड बुक करून आजच रेट बांधून घेता येतो, त्याला थोडा खर्च येतो आणि पुढे रेट तुमच्या बाजूने गेला तर हळहळ पण वाटते. पण वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या कारखान्यासारखे तुमचे ८० बाहेरचे आणि विक्री देशातली असेल, तर ती हळहळ परवडते.