गाडीच्या एसीची हवा कमी झाली की लगेच गॅस भरू नका: घरी हात घालणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका

‘हवा कमी येते’ आणि ‘हवा गार येत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. व्हेंटसमोर हात धरला की फरक कळतो. तरीही कोल्हापुरात मार्च उजाडला की दोन्हींवर एकच औषध सुचवलं जातं: गॅस भरून घे. हवा ढकलतो ब्लोअर, गॅस फक्त कूलिंग कॉइल गार करतो. जोर कमी असेल तर गॅसचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. अपवाद एकच. सुरुवातीला हवा चांगली, अर्ध्या तासाने कमी कमी होत जाते आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा जोर येतो, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. ते काम एसीच्या मिस्त्रीचं.

ब्लोअर चारवर घोंघावतोय पण हवा नावालाच येतेय, तर आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी बघा. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली झुकवा, बाजूची दोरी असेल तर सोडवा. मागे फिल्टरचं झाकण दिसेल. फिल्टर काढून पाच मिनिटं ब्लोअर चालवा. जोर परत आला तर दोष सापडला. पण फिल्टरशिवाय गाडी पळवत राहू नका, कारण मग ती धूळ ओल्या कॉइलवर चिकटते आणि कॉइल काढायची म्हणजे बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कागदी फिल्टर धुऊन वापरणं तर सोडूनच द्या. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्याने पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नये. हंगाम संपला की बदलावा. नवा बसवताना हवेच्या दिशेचा बाण चुकतो, म्हणून जुना काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या.

गॅसबद्दल एवढंच: तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. जास्त भरला तर प्रेशर चढतं आणि गारवा उलट कमी होतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा असतो, तेवढाच वजन करून भरायचा असतो. डबा आणून अंदाजाने घरी भरू नका. उडालेला गॅस डोळ्याला किंवा हाताला लागला तर कातडी गोठते.

आता सगळ्यात जास्त पैसे घालवणारी चूक. ब्लोअर १, २, ३ वर मुका आणि ४ वर चालू, म्हणजे खालचे स्पीड देणारा रेझिस्टर जळला. चौथ्या स्पीडला करंट रेझिस्टरमधून जात नाही, म्हणून तो चालतो. निदान बरोबर असतं, पण लोक तिथेच थांबतात. एका आठ वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये एका पावसाळ्यात तीन रेझिस्टर बसले. पहिला घरीच, पंधरा मिनिटांत. तीन आठवड्यांत तो जळला. डुप्लिकेट निघाला असेल म्हणून ओरिजिनल आणला, तोही गेला. तिसऱ्यासोबत २० अँपियरच्या जागी ३० चा फ्यूज ठोकला. फ्यूज उडायचा थांबला आणि त्याच्याऐवजी कनेक्टर वितळला. डॅशमधून जळका वास येऊ लागला. शेवटी तीन स्क्रू सोडून ब्लोअर खाली घेतला, तर पात्यांत गुलमोहराची पानं आणि उंदराने कुरतडून आणलेला फोम. मोटर पाण्याने गंजून घट्ट झालेली, हाताने फिरवली तर अर्ध्या फेरीत थांबायची. अशी मोटर करंट जास्त ओढते, तो रेझिस्टरमधून जातो आणि त्याला गार ठेवणारी हवाही कमी पडते. मग तो टिकणार कसा?

म्हणून नवा रेझिस्टर विकत घेण्याआधी ब्लोअर उतरवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. पातं बोटाने फिरवून सोडलं तर सहज दोन-तीन फेऱ्या व्हायला हव्यात. अडकलं किंवा खरखरलं तर मोटर बदला. कनेक्टर तपकिरी पडला असेल तर वायरमनकडून तोही बदलून घ्या. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपियरच्या खाचेतून हा करंट मोजू नका, वरच्या स्पीडला तो त्याच्या पुढे जातो. आणि फ्यूज होता तेवढाच घाला. जूनच्या आधी वायपरखालच्या जाळीतली पानं काढली असती तर वरच्या गाडीतला बराचसा खर्च वाचला असता.

डाव्या मॅटखाली पाणी साचलं की घाबरून डॅश उघडतात. आधी बोट बुडवा. स्वच्छ पाणी असेल तर एसीची निचरा नळी तुंबली. ती डाव्या बाजूला, इंजिनमागच्या पत्र्यातून खाली निघते. खालून नायलॉनची मऊ दोरी चार-पाच इंच सरकवा, गाळ निघतो. लोखंडी तार खुपसू नका, कॉइलला भोक पडेल. कंप्रेसरची हवाही जोरात मारू नका, आतली नळी निसटते. पाणी चिकट, गोडसर वासाचं आणि काचेवर तेलकट धुरकटपणा असेल तर हीटरची कॉइल गळतेय. तेव्हा कूलंटची पातळी बघा, आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

हीटर आपल्याकडे वर्षातून दोनदा आठवतो, गगनबावड्याच्या पावसात आणि डिसेंबरच्या पहाटे. तोवर त्याची केबल धरून बसलेली असते. गरम हवा येत नसेल तर इंजिन तापल्यावर पत्र्यात शिरणाऱ्या दोन्ही हीटर नळ्यांना फडक्यातून हात लावा. दोन्ही गरम तर गरम-गार हवा वळवणारा आतला फ्लॅप हलत नाही, एक गरम एक थंड तर कॉइल तुंबली, दोन्ही थंड तर कूलंट कमी किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकला. हाच फ्लॅप गरम बाजूला अडकला तर एसी सुरू असूनही कोमट हवा येते, आणि लोक पुन्हा गॅस भरतात! इग्निशन दिल्यावर डॅशमधून टक-टक-टक आली तर फ्लॅपच्या छोट्या मोटरचा दात तुटलाय.

व्हेंटला मोबाईल होल्डर लावू नका, पाती मोडतात. मोडलेलं पातं फेव्हिक्विकने चिकटवताना एक थेंब शेजारी गेला तर अख्खी जाळी जखडते. टूथपिकच्या टोकाने लावा. जेल परफ्यूम व्हेंटमध्ये सांडलं तर प्लॅस्टिक पांढरं पडतं. कुबट वासावर परफ्यूम मारण्यापेक्षा, घर यायच्या तीन मिनिटं आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवा, कॉइल वाळते.

पावसात काच धुरकटली तर फडकं फिरवत बसू नका. एसी चालू, हवा काचेवर, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) बंद, नॉब थोडा गरमकडे. धुकं बाहेरच्या बाजूला धरलं असेल तर वायपर मारा आणि काचेवरची गार हवा कमी करा.