कर्नल बदलला आणि स्पीड पडला: लॉक कंटेन्शनचं मूळ कसं शोधायचं

नवा कर्नल टाकला, मशीन तीच, बेंचमार्क तोच, आणि थ्रूपुट धाडकन खाली. कुणालाही विचारा, सल्ला ठरलेला असतो, "परफ टॉप लाव, सगळ्यात वर जे फंक्शन दिसेल ते दोषी" (परफ म्हणजे लिनक्सवर वेळ कुठे जातो ते मोजणारं टूल). ह्या सल्ल्यापायी लोक भलत्याच कोडमागे आठवडे घालवतात. खालचं सगळं लिनक्सबद्दल आहे, आणि लॉक कंटेन्शन म्हणजे एकाच लॉकसाठी अनेक थ्रेडनी भांडत थांबणं. दोन्ही कर्नलचं कॉन्फिग सारखं आहे, सीपीयूची फ्रिक्वेन्सी ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर आहे आणि पुन्हा पुन्हा रन करूनही फरक टिकतोय, एवढं तुम्ही बघितलंय असं धरून चालतो.

१. थ्रेड १, २, ४ असे वाढवत न्या. एकाच थ्रेडवर नवा कर्नल तेवढाच मागे पडत असेल तर लॉकचा नाद सोडा, तिथे कोडचा रस्ताच लांब झालाय.

२. पूर्ण सिस्टीमवर, कॉल ग्राफसकट (कुणी कुणाला कॉल केलं त्यासकट) परफ रेकॉर्ड चालवा. नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ वर आलं तर भांडण स्पिनलॉकवर (इथे थांबणारा झोपत नाही, फिरत राहतो) किंवा त्यावर बेतलेल्या लॉकवर, ओएसक्यू_लॉक दिसलं तर म्यूटेक्स किंवा आरडब्ल्यूसेमवर (इथे थांबणारा झोपू शकतो; आरडब्ल्यूसेम अनेक रीडर किंवा एक रायटर धरू शकतो). सीपीयू आयडल बसलाय आणि तरी काम पुढे सरकत नाहीये? मग थ्रेड लॉकवर झोपलेत, ते ह्या प्रोफाइलमध्ये दिसणारच नाहीत, ऑफ-सीपीयू, म्हणजे थ्रेड सीपीयूबाहेर थांबल्याचा वेळ बघा.

३. नेमका लॉक कोणता ते परफ लॉक कंटेन्शन सांगतं. ५.१९ पासून कर्नलमध्ये त्यासाठी कंटेन्शन_बिगिन आणि कंटेन्शन_एंड हे ट्रेसपॉइंट (कोडमधल्या ठरलेल्या नोंदीच्या जागा) आहेत, वेगळं बिल्ड लागत नाही. अजूनही लोक लॉकस्टॅट (कर्नलमधली लॉकची आकडेवारी) चालू करायला सांगतात. त्याने लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारी लॉकडेपची यंत्रणा आत येते, लॉकचं स्ट्रक्चर फुगतं, टायमिंग बदलतं, आणि कधीकधी रिग्रेशनच, म्हणजे स्पीड पडलेला तो फरकच, गायब होतो. अंदाज घ्यायला ठीक, पण कारण ठरवायला वापरू नका.

४. आता खरी गोची, मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास ह्याच स्टेजने दिला. आत्तापर्यंत जे दिसलं ते सगळे थांबलेले लोक आहेत. रांगेतल्या माणसांचे कितीही फोटो काढले तरी काउंटरवर काय चाललंय ते कळत नाही. लॉक धरून बसणारा प्रोफाइलमध्ये अगदी खाली कुठेतरी असतो आणि नजर तिथे जातच नाही. परफ लॉक कंटेन्शनला ओनर (लॉक धरणारा) दाखवायचा पर्याय आहे, पण तो म्यूटेक्स आणि आरडब्ल्यूसेमपुरता आहे असं समजा, आणि आरडब्ल्यूसेम रीडरकडे असेल तर तिथलं नाव नुसता इशारा, पुरावा नाही.

मग तीन प्रश्न विचारायचे. पहिला, लॉक जास्त वेळ धरला जातोय का? कुणीतरी क्रिटिकल सेक्शनमध्ये (लॉक धरून चालणाऱ्या कोडमध्ये) नवं काम घुसवलं असेल. लॉक घेऊन काम करणारं फंक्शन किती वेळ चालतं ते बीपीएफट्रेसने (चालत्या कर्नलमध्ये मोजमाप करणारं टूल) जुन्या आणि नव्या दोन्ही कर्नलवर मोजा, आणि हे थोड्या थ्रेडवर मोजा, कारण फुल लोडवर थांबलेले लोक कॅश लाइन (सीपीयूच्या कॅशमधला मेमरीचा एक तुकडा) ओढत राहतात आणि धरायचा वेळ आपोआप फुगतो, मग परिणामालाच कारण समजून बसाल.

दुसरा, लॉक जास्त वेळा घेतला जातोय का? इथे सेकंदाला किती हा आकडा बघू नका!! थ्रूपुट पडलाय म्हणजे तो आकडाही पडलेला असू शकतो, आणि वाटेल की लॉक कमी घेतला जातोय. दर ऑपरेशनमागे किती हे काढा. उदाहरण म्हणजे ६.४ मध्ये पर-व्हीएमए लॉक (मेमरीच्या प्रत्येक भागाचा वेगळा लॉक) आल्यापासून बऱ्याचशा पेज फॉल्टना एममॅप_लॉक (प्रोसेसच्या पूर्ण मेमरीचा एक लॉक) लागत नाही. एखादा बदल हे फॉल्ट परत जुन्या रस्त्याला ढकलत असेल तर दर फॉल्टमागचा आकडा शून्याच्या आसपासून एकाकडे जातो, आणि धरायचा वेळ मात्र तसाच राहतो.

तिसरा, दोन्ही सारखेच असतील तर? मग कॅश लाइन. कुणीतरी स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड घातलं, आणि सतत लिहिलं जाणारं काहीतरी लॉकच्याच ६४ बाइटच्या लाइनमध्ये येऊन बसलं. परफ सी२सी मध्ये हिटएम (दुसऱ्या कोरने बदललेली लाइन मागितली जाणं) कुठे जास्त आहेत ते बघा, मग पाहोलने (स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारं टूल) दोन्ही बिल्डचे ऑफसेट शेजारी शेजारी ठेवा. हे न करता लॉकचे तुकडे करायला घेऊ नका, उगाच डेडलॉक विकत घ्याल.

(आणि एक, कधीकधी आधीचा दुसरा एखादा लॉक खरंच सुधारलेला असतो आणि गर्दी तिथून उठून इथे आलेली असते. तेव्हा तो लॉक सुधारणारा पॅच परत घेणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.)

५. गिट बायसेक्ट, म्हणजे जुन्या-नव्या कर्नलमधले कमिट अर्धे अर्धे करत दोषी कमिट शोधणं. चांगलं-वाईटची सीमा आधीच आकड्यात ठरवा. तुमच्या वर्कलोडशी काडीचा संबंध नसलेला कमिट निघाला तर बायसेक्टला शिव्या घालण्याआधी डीबग_फोर्स_फंक्शन_अलाइन_६४बी चालू करून जुनं-नवं दोन्ही परत बिल्ड करा. फरक नाहीसा झाला तर तो कोडच्या अलाइनमेंटचा खेळ होता. उरला, तर स्ट्रक्चर आणि ग्लोबल डेटाची मांडणी कशी बदलली ते बघा.

६. कमिटच्या लेखकाला कळवा. थ्रेडच्या संख्येनुसार जुने-नवे आकडे, परफ डिफ, आणि वरच्या तीनपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं ते लिहा. नुसतं "स्लो झालंय" लिहिलंत तर समोरून पहिलं उत्तर कॉन्फिग मागणारंच येईल.