उमेदवाराचा धर्म बघायचा का, आणि बघायचा तर कसा

इलेक्शन आलं की कुणीतरी विचारतंच, "हा देव मानतो का?" विचारा की, पण त्यावरून मत ठरवायच्या आधी एवढं करून बघा.

आधी त्या पदाचं काम काय ते कागदावर लिहून काढा. खरंच लिहा, नुसतं मनात ठेवलं की आपण सोयीचं तेवढंच आठवतो. अमेरिकेत मेरीलँडमध्ये रॉय टोरकासोला नोटरी व्हायचं होतं, म्हणजे काम काय तर सही बघायची न शिक्का मारायचा, पण त्याला आधी 'मी देव मानतो' असं जाहीर करायला सांगितलं, तो नाही म्हणाला आणि नेमणूक हुकली. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की अशी अट घालता येणार नाही. शिक्क्याला देव कशाला लागतो? तुमच्या यादीतल्या एकेका कामापुढे हेच विचारत जा.

मग धर्माची अदलाबदल. तुमच्याच धर्माचा माणूस हेच बोलला असता तर खटकलं असतं का? मी दोनदा स्वतःलाच पकडलंय यात, लाज वाटली पण फायदा झाला.

आता मुख्य म्हणजे प्रश्न कसा विचारायचा. 'श्रद्धा आहे का' विचारू नका, त्याला कुणीही गोड उत्तर देतं. विचारा, धर्म एक सांगतो न कायदा दुसरं, खुर्चीत बसल्यावर काय करणार? अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभे असलेले जॉन केनेडी कॅथलिक, म्हणून १९६० मध्ये त्यांच्यावर हाच संशय होता, तर त्यांनी ह्यूस्टनला पाद्र्यांसमोरच सांगितलं की सदसद्विवेक आणि देशहित यात खरंच टक्कर झाली तर मी राजीनामा देईन. असं सरळ उत्तर देणारा कुठल्याही धर्माचा असो, चालेल. पण 'माझ्या धर्माप्रमाणेच कारभार करीन' म्हणाला तर मात्र त्याची श्रद्धा बघायचीच, कारण ती त्यानेच कामात आणली.

लेबनॉनमध्ये असं धर्म बाजूला ठेवून चालणार नाही हां, तिथे राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, स्पीकर शिया अशी वाटणीच ठरलेली आहे.

आणि शपथ कशी घेतली यावरून माणूस जोखू नका. चार्ल्स ब्रॅडलॉ नास्तिक, १८८० मध्ये नॉर्थम्प्टनहून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला, म्हणाला देवाची शपथ नको, नुसती प्रतिज्ञा करतो, तर नाही म्हणाले. बरं मग शपथच घेतो म्हणाला, तर तुझा विश्वासच नाही म्हणून तीही नको! एक रात्र पार्लमेंटच्याच क्लॉक टॉवरमध्ये कोंडलं त्याला. मतदार काही हटले नाहीत, पुन्हा पुन्हा त्यालाच पाठवत राहिले, शेवटी १८८६ मध्ये जागा मिळाली आणि दोन वर्षांनी प्रतिज्ञेची मुभा देणारा कायदा त्यानेच पास करून घेतला.