बुडबुडे आले म्हणजे प्रयोग झाला असं नाही: अ‍ॅसिड, धातू आणि विद्युत अपघटनातल्या या चुका टाळा

मी ठाण्याच्या नौपाड्यात नववी-दहावीचं सायन्स शिकवतो आणि विज्ञान प्रदर्शनाचा सिझन आला की दरवर्षी पोरं त्याच त्या चुका घेऊन येतात. दोन मिनिटांचा व्हिडिओ बघायचा, ग्लासात वायरी सोडायच्या, बुडबुडे आले की झालं प्रोजेक्ट. कुठला गॅस आला हे कुणी विचारतच नाही, आणि माझी सगळी चिडचिड तिथेच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाण्याच्या विद्युत अपघटनात (म्हणजे वीज सोडून पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करताना) मीठ घालणं. घोडबंदर रोडच्या एका शाळेत परीक्षक म्हणून गेलो होतो, तिथे एका मुलाने पेन्सिलीची शिसं (ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन), 9 व्होल्टची बॅटरी आणि मिठाचं पाणी असं छान मांडलं होतं आणि पाठ केल्यासारखं सांगत होता, ऋणाग्राला (बॅटरीच्या मायनसला जोडलेलं टोक) हायड्रोजन, धनाग्राला (प्लसला जोडलेलं टोक) ऑक्सिजन, प्रमाण 2:1. पण धनाग्राच्या नळीत गॅस जेमतेम, आणि टेबलाजवळ गेल्यावर स्विमिंग पूलसारखा वास. ओला निळा लिटमस (आम्ल ओळखायचा कागद) नळीच्या तोंडाशी धरला, तो जरा लाल झाला आणि मग चक्क पांढरा पडला. क्लोरीन! तो पाण्यात विरघळतो, वर ऋणाग्रापाशी तयार होणाऱ्या सोडियम हायड्रॉक्साइडशी अभिक्रिया करतो, मग नळी भरणार कशी? मुलगा हुशार होता हो, पण त्याला घरी सांगितलं होतं, "मीठ टाक, भराभर बुडबुडे येतात." येतात ना, पण बंद खोलीत तो गॅस नाकात गेला तर त्रास होतो, वन बीएचकेत तर करूच नका.

मी धुण्याचा सोडा वापरतो. शाळेत सर समोर असतील तर विरल सल्फ्युरिक आम्ल. नुसतं बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर घेतलं तर जवळजवळ काहीच होत नाही, मग पोरं बॅटरीला दोष देतात. आणि शिसं वापरली तर 2:1 अगदी तंतोतंत येणार नाही, कारण ऑक्सिजन थोडा पाण्यात विरघळतो, थोडा कार्बनलाच खातो आणि पाणी काळं होतं. जे आलं तेच वहीत लिहा, आकडे जुळवू नका.

स्टीलचे चमचे धनाग्राला नकोत, लोखंड विरघळून गढूळ गाळ होतो. वायरीची क्लिप पाण्यात बुडवू नका. दोन्ही गॅस एका डब्यात साठवू नका, ठिणगी पडली तर स्फोट होतो. आणि घरातल्या 230 व्होल्टच्या प्लगला वायर लावायचा विचारसुद्धा करायचा नाही.

आता अ‍ॅसिड. आधी पाणी, मग अ‍ॅसिड, हळूहळू, काचेच्या कांडीने ढवळत. संहत (कॉन्सन्ट्रेटेड) सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या 1.84 पट जड, त्यात पाणी ओतलं की ते वरच राहतं, तिथेच उकळतं आणि आम्लासकट तोंडावर उडतं. घाई करणाऱ्या पोराच्या हातात मी बाटलीच देत नाही, रडला तरी चालेल.

तांब्याची तार विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून बुडबुड्यांची वाट बघत बसू नका, तांबं त्यातून हायड्रोजन बाहेर काढूच शकत नाही. अ‍ॅल्युमिनियम मात्र सुरुवातीला गप्प बसतं, त्यावर ऑक्साइडचा थर असतो, थांबा जरा. हायड्रोजन हवा असेल तर नायट्रिक आम्ल घेऊ नका.

धनाग्र-ऋणाग्र पाठ करताना गोंधळ होतो कारण विद्युत अपघटनात धनाग्र (अ‍ॅनोड) प्लसला असतं आणि साध्या सेलमध्ये मायनसला. ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन सुटणं) जिथे ते धनाग्र, एवढं धरा.

तांब्याचा मुलामा द्यायला लोखंडी किल्ली घेऊ नका, मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट) पाण्यात ती करंटशिवायही तांबूस होते, ते नुसतं विस्थापन (लोखंडाच्या जागी तांबं बसणं) आणि पुसलं की निघतं. पितळी घ्या, आधी पॉलिश पेपरने घासा. लवकर व्हावं म्हणून व्होल्टेज वाढवलं की तांबं काळपट, भुसभुशीत बसतं, म्हणून मी दीड व्होल्टचा एकच सेल लावतो आणि तोवर पोरांना निरीक्षणं लिहायला बसवतो.