रेंडर लावण्याआधीच बिघडलेले शॉट : ॲनिमेशन-व्हीएफएक्स करणाऱ्यांनो, या चुका टाळा

सोयाबीन पेरण्याआधी आमच्याकडे उगवण तपासतात. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. ७० च्या खाली आले तर बियाणं बदला, नाहीतर जास्त पेरा. माझ्या वडिलांनी हे केल्याशिवाय कधी पेरणी धरली नाही. मी मात्र लातूरहून संभाजीनगरला येऊन रोटो-कंपोझिटिंगची (वस्तूभोवती हाताने कड आखून ती वेगळी काढणं आणि वेगवेगळी चित्रं एका फ्रेममध्ये जोडणं) कामं घ्यायला लागले, तेव्हा पहिली दोन वर्षं कसलीही चाचणी न घेता थेट रात्रभराचा रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरकडून एकेक अंतिम फ्रेम काढून घेणं, लावत होते. आज परभणी, नांदेड, बीडहून मुलं-मुली फोन करून आपापले अडकलेले शॉट दाखवतात, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी बिघाड शॉटच्या शेवटी नसतो. तो पहिल्या अर्ध्या तासात झालेला असतो.

चाचणी न घेता रेंडर लावणं

आधी साधा हिशोब करा. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने १० सेकंद म्हणजे २४० फ्रेम. एका फ्रेमला ४ मिनिटं लागत असतील तर ९६० मिनिटं, म्हणजे १६ तास. संध्याकाळी ७ ला लावलेला रेंडर दुसऱ्या दिवशी ११ ला संपणार, आणि क्लायंटला सकाळी ९ ला फाइल हवी आहे. हे गणित कागदावर मांडायला दोन मिनिटं पुरतात.

मग उगवण तपासा. पूर्ण रिझोल्यूशनवर दर विसावी फ्रेम रेंडर करा. ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेंजच्या खाली स्टेपचा आकडा असतो, तिथे २० टाका. टेक्स्चर हरवलंय, एखादी वस्तू लपवायची राहिलीय, सावली तुटतेय, हे सगळं त्या बारा फ्रेममध्ये दिसतं. त्यानंतर निम्म्या रिझोल्यूशनवर सगळ्या फ्रेम काढून एकदा चालवून बघा, कारण काही दोष थांबलेल्या चित्रात दिसतच नाहीत. सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी मोजले जाणारे प्रकाशकिरण) कमी ठेवून डीनॉइझरवर (चित्रातली खरखर पुसणाऱ्या सोयीवर) भिस्त ठेवली की प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे स्वच्छ दिसते. पण चालवली की भिंतीवर डाग उकळल्यासारखे हलतात. त्यावर उपाय सॅम्पल वाढवण्याचाच.

आणि थेट एमपीफोर कधीही काढू नका. त्या फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. २०० व्या फ्रेमला लाइट गेली तर आधीच्या १९९ फ्रेमही उघडत नाहीत. पीएनजी किंवा ईएक्सआर सिक्वेन्स, म्हणजे दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल काढा, व्हिडिओ नंतर बनवा. लाइट आल्यावर ब्लेंडरमध्ये ओव्हरराइट बंद करून पुन्हा रेंडर लावला की झालेल्या फ्रेम सोडून काम पुढे सुरू होतं. फक्त शेवटची फ्रेम आधी डिलीट करा, ती अर्धवट असू शकते. प्लेसहोल्डर (फ्रेम सुरू होताच तिच्या नावाची रिकामी फाइल ठेवणारी सेटिंग) चालू असेल तर शून्य साइजची फाइल मागे राहते आणि सॉफ्टवेअर तिला झालेली फ्रेम समजून पुढे जातं. फोल्डर साइजप्रमाणे लावला की अशा फाइली एका टोकाला येतात.

हिरव्या पडद्यासमोर हिरवा चुडा

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागातल्या कामात ही चूक वारंवार होते आणि ती दुरुस्त करायला सगळ्यात जास्त रात्री जातात.

मागे एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीचे सात शॉट माझ्याकडे आले. क्रोमाचा पडदा, म्हणजे नंतर काढून टाकायचा मागचा एकरंगी पडदा, हिरवा. मॉडेलच्या अंगावर लाल पैठणी, पदरावर हिरवे पोपट, दोन्ही हातांत भरगच्च हिरवा चुडा. की ओढली, म्हणजे पडद्याचा रंग निवडून तो पारदर्शक केला, आणि बांगड्या गेल्या. पंजा आणि कोपर यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा, आणि तिथून मागचा वाडा दिसत होता. पोपटांच्या जागी भोकं पडली. साडीची जर चकाकती असल्यामुळे तिने पडद्याचा रंग ओढला होता, सोनेरी काठ हिरवट झाला होता.

इथे पहिली धाव चुकीच्या बाजूला जाते. मीही तेच केलं. की घट्ट करत गेले, मॅटचे (काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्राचे) काळे-पांढरे टोक ओढत गेले. भोकं थोडी भरली, पण कपाळावरचे मोकळे केस कापल्यासारखे झाले आणि साडीची कड कात्रीने कातरल्यासारखी दिसायला लागली. एकाच कीने केस, कापड आणि बांगड्या हे तिन्ही सांभाळता येत नाहीत.

काम झालं ते असं. केसांसाठी एक मऊ की. शरीराच्या आतल्या भागासाठी एक कडक की, कडेपासून थोडी आत घेतलेली. बांगड्या आणि पदरासाठी हाताने काढलेला रोटो, तो मॅटमध्ये वर मिळवला. त्या रोटोला मोशन ब्लर दिला. शूट २५ फ्रेम आणि १/५० शटरवर होतं, म्हणून ब्लरच्या सेटिंगमध्ये शटर १८० अंश, म्हणजे फ्रेमच्या निम्मा वेळ. ब्लर दिला नसता तर हात हलताना बांगड्यांची कड वेगळी नाचली असती. मग डीस्पिल, म्हणजे पडद्याचा अंगावर पडलेला हिरवा (स्पिल) काढणं. डीस्पिल हिरवा काढतो म्हणजे बांगडीचाही हिरवा काढतो आणि चुडा राखाडी होतो. म्हणून त्याच रोटोने बांगड्या आणि पोपट डीस्पिलमधून वगळले. जरीवरचा हिरवा काढल्यावर ती मातकट दिसत होती, तिथे उजळ भागात थोडा पिवळा परत घातला. सात शॉटला अकरा दिवस लागले.

शूटच्या आदल्या दिवशी कपड्यांचा फोटो मागवला असता तर निळा पडदा लावता आला असता. आता मी काम घेतानाच विचारते: साडी कोणती, चुडा कोणता, पडदा कोणता. मोरपंखी पैठणी आणि हिरव्या बांगड्या असतील तर निळा-हिरवा दोन्ही रंग अडचणीचे होतात. अशा वेळी बांगड्या बदलण्याची विनंती करा, नाहीतर पूर्ण रोटोचे दिवस आणि पैसे आधीच ठरवून घ्या. माणूस पडद्यापासून निदान सहा-आठ फूट पुढे उभा करायला सांगा, म्हणजे निम्मा स्पिल तिथेच टळतो.

फ्रेम रेट न बघणं

ब्लेंडर नवीन फाइल २४ फ्रेमवर उघडतं. आपल्याकडचं बरंचसं फूटेज २५ वर असतं. १० सेकंदांच्या शॉटच्या २५० फ्रेम २४ च्या प्रोजेक्टमध्ये टाकल्या की शॉट लांबतो किंवा मधल्या फ्रेम गळतात. मग तुम्ही जीव ओतून केलेला रोटो क्लायंटच्या टाइमलाइनवर हळूहळू सरकत जातो. फाइल उघडल्यावर पहिलं काम हे बघणं. मोबाइलवर शूट केलेलं असेल तर आणखी एक अडचण: फोन बहुतेकदा फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही. असं फूटेज आधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर रेटवर आणा, ट्रॅकिंगला (हालचाल फ्रेमगणिक पकडायला) त्यानंतर बसा.

शूट तुमच्या हातात असेल तर २५ फ्रेम, १/५० शटर. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेम आणि १/६० वर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली पट्टे फिरतात, आणि ते नंतर काढणं फार किचकट आहे.

रंग : दूरचा किल्ला काळा नसतो

संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना दौलताबादचा किल्ला लागतो. एप्रिलच्या दुपारी तो रस्त्यावरून बघा. त्याच्या कड्यातली सगळ्यात गडद फटसुद्धा काळी दिसत नाही, फिकट राखाडी दिसते, कारण मधल्या हवेत धूळ आहे. आता थ्रीडीत बनवलेला बुरूज त्याच्या शेजारी ठेवा. त्याच्या सावल्या पूर्ण काळ्या असतील तर टेक्स्चर कितीही मेहनतीचं असो, बुरूज चिकटवलेलाच वाटतो. तुमची वस्तू जितक्या अंतरावर ठेवायची आहे, तितक्याच अंतरावरची प्लेटमधली (मूळ शूट केलेल्या चित्रातली) सर्वात गडद जागा कलर पिकरने मोजा आणि वस्तूचा काळा तिथपर्यंत उचला. जवळच्या लिंबाच्या झाडाखालचा काळा वेगळा आणि डोंगराचा वेगळा. ग्रेनही (कॅमेऱ्याचा दाणेदारपणा) प्लेटइतकाच घाला, लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघून. माझ्या मते नवीन मुलं मॉडेलिंगवर जितका वेळ देतात त्याच्या पाव वेळ इथे दिला तर त्यांचं काम दुप्पट खरं दिसेल.

प्लेट निस्तेज झाली अशी तक्रार ब्लेंडरवाले नेहमी करतात. ४.० पासून तिथे एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म (पडद्यावर रंग कसे दिसतील ते ठरवणारी सेटिंग) आधीपासून लागलेला असतो. आधीच रंग बसलेलं फूटेज त्यातून पुन्हा गेलं की धुतल्यासारखं होतं. फक्त थ्रीडी वस्तू पारदर्शक पार्श्वभूमीवर ईएक्सआरमध्ये काढा आणि जोडणी कंपोझिटिंगमध्ये करा. तिथे कडेला काळी रेघ दिसली तर रंगदुरुस्तीआधी अनप्रीमल्ट (रंगाला पारदर्शकतेच्या आकड्याने भागणं) आणि नंतर प्रीमल्ट (पुन्हा गुणणं) करायचं राहिलंय. नॉर्मल आणि रफनेस मॅपला (पृष्ठभागाचा उंचसखलपणा आणि खरखरीतपणा सांगणाऱ्या चित्रांना) नॉन-कलर, म्हणजे ‘हा रंग नाही, आकडे आहेत’ ही सेटिंग, लावलं नसेल तर दगड प्लास्टिकसारखा चमकतो. टेक्स्चर पुन्हा बनवायला बसण्याआधी ती एक सेटिंग बघा.

रोटोत बिंदूंची गर्दी

पूर्ण माणसाभोवती एकच आकार, त्यावर ९० बिंदू आणि प्रत्येक फ्रेमला की (इथे की म्हणजे कीफ्रेम, आकाराची जागा हाताने ठरवलेली फ्रेम). याचा परिणाम एकच, कड थरथरते. दंड, कोपरापुढचा हात, पंजा, बोटं वेगळी करा. आधी हालचालीच्या टोकांच्या फ्रेमवर की द्या, मग मधोमध, मग त्याच्या मधोमध. बऱ्याच ठिकाणी दर आठव्या फ्रेमपेक्षा दाट की द्याव्याच लागत नाहीत.

मराठी अक्षरं फुटणं

क्लायंट ‘किल्ला’ असं शीर्षक थ्रीडीत मागतो आणि ब्लेंडरच्या टेक्स्टमध्ये वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसते, ‘ल्ल’ सुटा होतो. फाँट बदलून काही होत नाही, कारण अक्षरं जुळवण्याचं कामच तिथे नीट होत नाही. इंकस्केप या मोफत चित्रसॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहा, पाथमध्ये (नुसत्या रेषांच्या आकारात) बदला, एसव्हीजी काढून ब्लेंडरमध्ये आणा. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय लिपींना आधार देणारं टेक्स्ट इंजिन निवडा. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर प्रत्येक शब्द वाचा. जोडाक्षरं आणि रफार तिथेच चुकतात. आपल्या गावच्या पाटीवर चुकलेला शब्द आपण थांबून वाचतो, पडद्यावरचाही लोक वाचतात.

उन्हाळा, लाइट आणि कूलर

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. खोलीच तापलेली असेल तर ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांच्या आसपास पोहोचून आपला वेग आपणच कमी करतं आणि ४ मिनिटांची फ्रेम ६ मिनिटांवर जाते. कार्डची पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणा. वेग थोडाच घटतो, उष्णता चांगलीच कमी होते. जड रेंडर रात्री ११ नंतर लावा.

कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरच्या पाण्यातला क्षार फवाऱ्याबरोबर उडतो आणि पंख्याच्या पात्यांवर, बोर्डावर पांढरा थर धरतो. माझ्या एका मैत्रिणीचा मदरबोर्ड असाच गेला. कूलर खिडकीत आणि मशीन समोरच्या कोपऱ्यात, तेही जमिनीवर न ठेवता, एवढं केलं तरी पुरतं.

यूपीएस घेताना व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर) आकड्यावर जाऊ नका, वॅट विचारा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. रेंडर करताना मशीन ४५० ओढत असेल तर लाइट गेल्याक्षणी तो शिट्टी मारून बंद पडणार. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर त्याची मागची कळ यूपीएस मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडवर तो बदलायला इतका वेळ घेतो की पंखा थांबत नाही, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

पाठवायचा वेळ न धरणं

एचडीची एक ईएक्सआर फ्रेम, १६ बिट, तीन चॅनेल, दाबलेली नसेल तर सुमारे १२ एमबी. २४० फ्रेम म्हणजे ३ जीबी. फोर-के असेल तर चौपट, १२ जीबी. इंटरनेटवाला सांगतो तो १० चा वेग बिटमध्ये असतो. बाइटमध्ये तो सव्वा एमबी प्रति सेकंद. ३ जीबीला ४० मिनिटं, १२ जीबीला २ तास ४० मिनिटं, तेही मध्ये काही तुटलं नाही तर. आणि डाउनलोडचा वेग दाखवून प्लॅन विकला जातो, तुम्हाला अपलोडचा हवा आहे. तो आजच मोजून ठेवा.

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, शेवटी आवृत्तीचा आकडा तीन अंकी. देवनागरी नाव तुमच्याकडे उघडतं, समोरच्याच्या रेंडर फार्मवर (रेंडरसाठी जोडलेल्या अनेक मशीनवर) अडकतं. स्टुडिओ पहिली फ्रेम १००१ मागत असेल तर १ पासून पाठवू नका. आधीच्या जादा फ्रेम जोडायला त्यांना शून्याच्या खाली जावं लागू नये म्हणून ते तसं मागतात. अपलोड झाल्यावर तीच लिंक दुसऱ्या मशीनवर, नाहीतर शेजारच्या मित्राकडे उघडा. फ्रेमची संख्या मोजा, पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम डोळ्यांनी बघा, आणि मगच क्लायंटला मेसेज टाका.