चेलोची आधुनिक एकल रचना एकत्र कशी ऐकावी आणि श्रोत्यांच्या प्रतिक्रिया कशा नोंदवाव्यात

चेलो या व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या, खर्जातल्या वाद्याची एखादी आधुनिक एकल रचना आठ-दहा जणांनी एकत्र बसून ऐकली, की ती संपल्यावर बहुधा दोनच वाक्ये कानांवर येतात. एक म्हणजे ‘वेगळं होतं’ आणि दुसरे ‘यात संगीत कुठे होतं?’ दोन्ही वाक्ये प्रामाणिक असतात. पण त्यांतून रचनेविषयी काही कळत नाही आणि ऐकणाऱ्याविषयीही फारसे कळत नाही. प्रतिक्रिया उपयोगी पडते ती रचनेतल्या एखाद्या ठरावीक जागेला बांधलेली असेल तर: कोणत्या मिनिटाला, कोणत्या आवाजाने, ऐकणाऱ्याला नेमके काय झाले. घरच्या बैठकीत, ग्रंथालयाच्या सभागृहात किंवा एखाद्या संगीतमंडळात अशा प्रतिक्रिया कशा मिळवाव्यात, हे येथे जर्मन संगीतकार हेल्मुट लाखेनमान यांच्या ‘प्रेसिओं’ (म्हणजे ‘दाब’) या रचनेच्या आधारे सांगितले आहे.

ही रचना १९६९-७० मधली असून संगीतकाराने २०१० मध्ये ती पुन्हा तपासून सुधारली. लांबी साधारण आठ-नऊ मिनिटे. वादक एक आणि चेलो एक. विद्युत उपकरणांची कोणतीही मदत नाही. तरीही चेलोचा ओळखीचा भरदार स्वर यात जवळजवळ नाहीच. बोटे तारेवरून आणि गजावरून घासत जातात, गज घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) फिरतो, टेलपीसवर (तारांची खालची टोके अडकवलेला भाग) फिरतो, कधी तारेवर इतका दाबला जातो की स्वर चिरडून नुसती करकर उरते. दाब किती आणि कुठे, हाच या रचनेचा खरा विषय आहे. लाखेनमान यांची भूमिका अशी, की आवाज ऐकताना तो कोणत्या वस्तूवर, किती बळाने आणि कोणत्या हालचालीने निघाला हेही ऐकू यावे. म्हणून त्यांची स्वरलिपीसुद्धा बव्हंशी कोणता स्वर काढायचा हे न सांगता हात कुठे ठेवायचा आणि काय करायचे हे सांगते. ओळीच्या सुरुवातीला स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या नेहमीच्या चिन्हाच्या (क्लेफच्या) जागी तिथे तारा, घोडी आणि टेलपीस दाखवणारे रेखाचित्र असते.

प्रतिक्रिया नोंदवण्याच्या सरावासाठी मी मुद्दाम अशी टोकाची रचना सुचवतो, कारण गोड रचनेपुढे श्रोते सभ्यपणे गप्प बसतात आणि येथे गप्प बसणे कठीण होते.

आधी काय ऐकवावे

पुष्कळ ठिकाणी अशा सत्राची सुरुवात अठराव्या शतकातले जर्मन संगीतकार बाख यांच्या चेलो-सुइटने (नृत्यांवर आधारलेल्या तुकड्यांच्या मालिकेने) करण्याची पद्धत आहे. ती टाळावी, असे माझे मत आहे. बाखनंतर लगेच लाखेनमान आले, की श्रोत्यांच्या मनात धून हीच मोजपट्टी होते आणि मग सगळ्या प्रतिक्रिया ‘धून नाही’ एवढ्यावरच अडतात. त्याऐवजी हंगेरीतले संगीतकार ग्यॉर्गी लिगेटी यांचा एकल चेलो सोनाटा (भागांत विभागलेली वाद्यरचना) ऐकवावा. त्याचे दोनच भाग आहेत आणि तो आठ-नऊ मिनिटांत संपतो. पहिला भाग ‘डायलॉगो’ १९४८ मधला. त्यात वरच्या आणि खालच्या तारा दोन माणसांसारख्या आळीपाळीने बोलतात, हे कुणालाही न सांगता कळते. दुसरा भाग ‘काप्रिच्चो’ १९५३ मधला, अतिशय वेगवान.

या सोनाट्याची हकिकत सत्रात आवर्जून सांगावी, कारण ती प्रतिक्रियांविषयीचीच आहे. वेरा देनेश या वादिकेसाठी हा सोनाटा पूर्ण झाल्यावर त्या काळच्या हंगेरीतील नियमाप्रमाणे तो संगीतकार संघाच्या समितीपुढे मंजुरीसाठी गेला. समितीला दुसरा भाग फार आधुनिक वाटला. आकाशवाणीवर ध्वनिमुद्रण झाले, पण ते प्रसारित होऊ दिले नाही; छापण्याची परवानगीही मिळाली नाही आणि रचना कित्येक वर्षे पडून राहिली. आजच्या श्रोत्यांपैकी अनेकांना तोच भाग सुरेल वाटतो. समितीने ऐकलेले स्वर आणि आपण ऐकतो ते स्वर एकच आहेत, ऐकणारे बदलले. म्हणून प्रतिक्रियेच्या कागदावर प्रतिक्रियेइतकीच ऐकणाऱ्याची ओळखही हवी. त्यात नाव नसले तरी चालेल. वय, संगीताचे शिक्षण आणि यापूर्वी चेलो कुठे ऐकला, एवढे पुरे.

शेवटचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. मराठी श्रोत्यांच्या कानांत चेलो बसला तो बहुतांशी हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदातून, ज्यात गोमंतकीय वादकांचा फार मोठा वाटा होता. गायकाच्या आवाजामागून वाहणारी खर्जातली गंभीर सुरावट हीच अशा श्रोत्यांची चेलोकडून अपेक्षा असते. ‘प्रेसिओं’ ऐकून येणाऱ्या नाराजीचा मोठा भाग खरे तर ही अपेक्षा मोडल्याचा असतो, आणि ते कागदावर दिसले तरच नंतरची चर्चा सरळ होते.

खोली आणि ध्वनियंत्रणा

मोबाइलच्या स्पीकरवर ही रचना ऐकवू नये. तिच्यातले निम्मे आवाज कुजबुजीइतके हलके आहेत आणि ते छोट्या स्पीकरवर नाहीसे होतात. मग श्रोते जे कधी ऐकूच आले नाही त्यावर मत देत बसतात. त्याहून मोठा शत्रू म्हणजे छताचा पंखा. गज नुसता लाकडावरून फिरताना जो सूंऽऽ असा आवाज येतो, तो पंख्याच्या आवाजात पूर्ण बुडून जातो. नऊ मिनिटे पंखा आणि वातानुकूलन यंत्र बंद ठेवावे, खिडक्या लावाव्यात, आणि उन्हाळ्यात सत्र सकाळी घ्यावे. ध्वनीची पातळी ठरवताना सुरुवातीचे हलके आवाज लावून पाहू नयेत. आधी गज जोरात दाबलेली जागा लावावी, ती खोलीत प्रत्यक्ष चेलो वाजत असल्याइतकी मोठी ठेवावी, आणि मग कितीही हलका आवाज आला तरी बटणाला हात लावू नये.

तीनदा ऐकणे

पहिल्या ऐकण्याआधी कमीत कमी सांगावे. संगीतकाराचे नाव, वाद्य आणि लांबी एवढेच. लांबी मात्र जरूर सांगावी. हे कधी संपणार याची अस्वस्थता ही रचनेवरची प्रतिक्रिया नसते, पण ती रचनेच्या माथी मारली जाते. आवाज कसे काढले आहेत हे आधी सांगू नये. ‘यात संगणक वापरला असावा’ अशी शंका कुणाला आली, तर ती शंका हीच एक उत्तम नोंद आहे. हे पहिले ऐकणे केवळ ध्वनीचे असावे, चित्रफीत नको, आणि हातात पेनही नको. संपल्यावर दोन मिनिटे कुणी बोलू नये. पहिला बोलणारा ठाम असला, की उरलेल्यांची मते त्याच्या भोवती गोळा होतात, आणि तो पहिला बोलणारा बहुधा संगीत शिकलेला असतो. शांततेतच प्रत्येकाने आठवेल ते लिहावे.

दुसऱ्या वेळी सर्वांना दिसेल असे घड्याळ ठेवावे आणि ऐकता ऐकताच लिहायला सांगावे. कागदावर प्रत्येक नोंदीसाठी वेळ आणि त्यापुढे तीन गोष्टी असाव्यात: काय ऐकू आले, अंगाला काय जाणवले, आणि मत काय झाले. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट लोक हमखास एकमेकींत मिसळतात. ‘कर्कश आवाज’ हे वर्णन नाही, तो निकाल आहे. ‘कोरड्या दोरखंडासारखी करकर, हळूहळू जाड होत गेलेली’ हे वर्णन आहे. आवाजांसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही: सरसर, खरखर, किरकिर, फुसफुस, कचकच, घरघर. ते मोकळेपणाने वापरू द्यावेत. शब्द सुचत नसेल तर नुसती रेघ काढून दाखवली तरी चालते. अंगाला काय जाणवले, हा मधला रकाना लोकांना सुरुवातीला विचित्र वाटतो, पण दात आवळले गेले, श्वास रोखला, हसू फुटले, मान पुढे गेली, अशा नोंदी सर्वांत विश्वासार्ह असतात, कारण त्या सभ्यतेसाठी बदलाव्या लागत नाहीत.

हसण्याविषयी एक गोष्ट. मैफलीत आपण दाद जागच्या जागी देतो. पाश्चात्त्य सभागृहात ती शेवटपर्यंत राखून ठेवण्याचा रिवाज आहे. श्रवणसत्रात मधला मार्ग धरावा: शब्द नकोत, पण हसू, उसासा, चुळबुळ अडवू नये, आणि सूत्रधाराने त्यांची वेळ टिपून ठेवावी. दोन-तीन जण एकाच जागी हसले असतील, तर त्या जागी काहीतरी घडलेले असते.

तिसऱ्यांदा चित्रफीत दाखवावी. येथे कित्येकांची मते उलटतात. जो आवाज केवळ उपद्रव वाटला होता, तो काढण्यासाठी वादकाला मनगट किती नेमके धरावे लागते हे दिसते, आणि ‘असं कुणीही वाजवेल’ हे वाक्य बहुधा परत ऐकू येत नाही. उलटही घडते: ध्वनीत ज्याला गूढ काही जाणवले होते, त्याला हालचाल पाहून ते ओसरल्यासारखे वाटते. दोन्ही बदल लिहून घ्यावेत आणि आधीची नोंद खोडू देऊ नये.

नेहमी येणाऱ्या प्रतिक्रिया

‘हे संगीतच नाही’ या वाक्याशी वाद घालू नये. ‘हे तुम्हांला कितव्या मिनिटाला नक्की वाटले?’ एवढेच विचारावे. उत्तर देण्यासाठी त्या व्यक्तीला पुन्हा रचनेत जावे लागते, आणि तेच हवे असते.

हिंदुस्थानी संगीत शिकलेले श्रोते आधारस्वर शोधत राहतात. येथे तारा नेहमीच्या स्वरांवरून हलवून वेगळ्या लावलेल्या असतात आणि मोकळा स्वर क्वचितच कानी पडतो, त्यामुळे षड्ज काही केल्या सापडत नाही. अशा श्रोत्यांना स्वर सोडून जागा ऐकायला सांगावे: आवाज घोडीजवळचा आहे की फिंगरबोर्डवरचा (तारांखालची, बोटे दाबायची पट्टी), तारेचा आहे की लाकडाचा. पुढे एके ठिकाणी नेहमीच्या पद्धतीने गजाने काढलेला एक लांब स्वर येतो. तिथे काय लिहिले गेले, हे सर्वांच्या कागदांवर मुद्दाम पाहावे. कुणाला हायसे वाटते. कुणाला, इतका वेळ खरखर ऐकल्यावर, तो साधा स्वरच परका वाटतो. संपूर्ण सत्रातली सर्वांत चांगली चर्चा या एका जागेवर होऊ शकते, तेव्हा तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा.

‘वाद्याचा असा छळ का?’ ही प्रतिक्रिया आपल्याकडे ज्या तळमळीने येते ती समजून घेण्याजोगी आहे, कारण दसऱ्याला वाद्याची पूजा करणाऱ्या घरांत वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करतात. माहिती म्हणून एवढे सांगावे, की गज दाबल्याने चेलोला इजा होत नाही. धोका असलाच तर गजाच्या काठीला ओरखडे पडण्याचा असतो, आणि अशा रचनांसाठी अनेक वादक वेगळा, कमी किमतीचा गज ठेवतात. भावना मात्र माहितीने खोडू नये. ती कागदावर राहू द्यावी.

‘भीतिपटासारखं वाटलं’ असे तरुण श्रोते हटकून म्हणतात. पोलिश संगीतकार क्रिश्तॉफ पेंदेरेत्स्की यांच्यासारख्यांचे १९६० च्या दशकातले संगीत पुढे भयपटांत वापरले गेले आणि घासलेल्या तारेचा आवाज म्हणजे भय, हे समीकरण तिथून रुजले. ही आठवण रचनेतून आली की पडद्यावरून, हे त्या श्रोत्यालाच ठरवू द्यावे.

कंटाळा आला असेल तर तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, एवढे विचारून पुढे जावे.

नोंदींचे संकलन

कागद गोळा झाल्यावर आवडले आणि नावडले असे दोन गठ्ठे करू नयेत, आणि दहापैकी गुण तर मुळीच मागू नयेत. सगळ्या नोंदी वेळेच्या क्रमाने एका तक्त्यात उतरवाव्यात. मग एकाच जागी कुणाला झोप आली आणि कुणाचे दात आंबले, हे शेजारी शेजारी दिसते. कुणाचे लिहिणे सुधारून शुद्ध करू नये, आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी परस्परविरोधी असतील तर दोन्ही ठेवाव्यात. तक्ता सर्वांना वाचून दाखवल्यावर ज्या जागी मतभेद सर्वाधिक आहेत तेवढाच अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा पुन्हा वाजवावा.

पुढच्या सत्रासाठी रचना निवडताना या तक्त्याचाच उपयोग करावा. गटाला हलक्या, निसटत्या आवाजांनी धरून ठेवले असेल तर काइया सारियाहो यांची २००० मधली ‘सेत पापियों’ घ्यावी. सात लहान तुकडे असल्याने नोंदी करायलाही ती सोयीची आहे. दाब आणि ताण यांतच लोक रमले असतील तर यानिस झेनाकिस यांची १९६६ मधली ‘नोमोस आल्फा’ लावावी, मात्र ती बरीच लांब आहे आणि एका सत्रात तीनदा ऐकवण्याचा हट्ट धरू नये. आणि बहुतेकांना धूनच हवी असेल, तर झोल्तान कोदाय यांचा १९१५ मधला सोनाटा आहे. त्यात खालच्या दोन तारा अर्ध्या स्वराने उतरवलेल्या असतात. शेवटच्या भागात हंगेरीच्या लोकनृत्याचा जोर आहे, आणि एवढा मोठा आवाज एकाच वाद्यातून येतो यावर विश्वास बसत नाही. तो अर्ध्या तासाचा असल्याने फक्त तिसरा भाग ऐकवावा, आणि त्या दिवशी पंखा चालू ठेवला तरी हरकत नाही.