फझ पेडलचा आवाज सुधारताना या चुका टाळा

फझ (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, जाडसर करणारं पेडल) पातळ वाजतो, नोट मध्येच तुटते, म्हणून लोक सर्वात आधी कॅपॅसिटर बदलतात. दोन ट्रान्झिस्टरच्या, फझ फेस या प्रसिद्ध पेडलच्या धाटणीच्या पेडलमध्ये दोष बहुधा बायसमध्ये, म्हणजे सिग्नल नसताना ट्रान्झिस्टरवर असणाऱ्या व्होल्टेजच्या जुळणीत असतो. त्यामुळे सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी मल्टीमीटर काढा. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या (क्यू2) कलेक्टरवर, 9 व्होल्टच्या ताज्या बॅटरीवर, साधारण 4.5 व्होल्ट दिसायला हवेत. पीएनपी जातीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या पेडलमध्ये ग्राउंड पॉझिटिव्ह असतो (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला जोडलेलं), तेव्हा आकडा उणे दिसेल. आकडा बराच हलला असेल तर क्यू2 च्या कलेक्टरवरच्या 8.2 किलोओमच्या रेझिस्टरच्या जागी 20 किलोओमचा ट्रिमपॉट (स्क्रूने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) लावा आणि 4.5 वर आणा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

गोव्यात उकाड्यामुळे यात आणखी एक अडचण येते. एसी लावलेल्या खोलीत सेट केलेलं जर्मेनियम पेडल मे महिन्यात उघड्या स्टेजवर नेलं की बिघडतं, आणि पेडल 'खराब' ठरतं. जर्मेनियमची गळती (बेसला सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा प्रवाह) तापमान दर 10 अंश सेल्सिअस वाढलं की जवळपास दुप्पट होते. पहिला ट्रान्झिस्टर जास्त प्रवाह ओढतो, क्यू2 बंद होत जातो, कलेक्टर पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे सरकतो आणि हलके वाजवलेले स्वर अर्ध्यात कापले जातात. ट्रिमपॉटचा स्क्रू बाहेरून फिरवता येईल असं छिद्र बॉक्सला पाडून ठेवा आणि बायस कार्यक्रमाच्या जागी, पेडल तिथल्या हवेत अर्धा तास राहिल्यावर जुळवा. पेडल उन्हात ठेवू नका.

दुसरी चूक ट्रान्झिस्टर निवडताना होते. मल्टीमीटरचा एचएफई (ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे प्रवाह किती पट वाढवतो तो) आकडा जर्मेनियमबाबत फसवा असतो, कारण गळतीही त्यात मिळवलेली असते. एमिटर बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडा, कलेक्टर 2.2 किलोओम आणि 270 ओम एकापुढे एक लावून निगेटिव्हला. बेस मोकळा ठेवून रेझिस्टरांवरचं व्होल्टेज पाहा, मग बेस 2.2 मेगाओममधून निगेटिव्हला जोडून पुन्हा पाहा. पहिलं 0.5 आणि दुसरं 1.3 आलं तर खरा गेन (1.3 − 0.5) × 100, म्हणजे 80. पहिल्या जागेला 70 ते 80, दुसऱ्या जागेला 110 ते 120 ही जोडी चांगली. ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवा. थेट सोल्डर करणार असाल तर पायाला क्रोकोडाइल क्लिप लावून उष्णता खेचून घ्या.

सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये गोंधळ पायांचा. बीसी547 ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. 2एन3904 मध्ये बरोब्बर उलटं. उलटा बसला तरी पेडल थोडंफार वाजतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. सिलिकॉन कर्कश वाटला किंवा रेडिओ ऐकू आला तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस-कलेक्टरमध्ये 100 पिकोफॅरड लावा.

आता कॅपॅसिटर. बास वाढवायला आउटपुटचा 10 नॅनोफॅरड बदलून 100 लावतात. हिशेब करा: 500 किलोओमच्या व्हॉल्यूम पॉटसोबत 10 नॅनोफॅरडची कटऑफ (जिच्याखालचे स्वर दबू लागतात ती मर्यादा) सुमारे 32 हर्ट्झ येते. गिटारची खालची ई तार 82 हर्ट्झची, म्हणजे त्या बदलाने फारसं काही मिळत नाही. खरा बास खातो तो फझनंतर लावलेला कमी इनपुट इम्पिडन्सचा (सिग्नलवर जास्त भार टाकणारा) पेडल. उलट बास चिकट, धूसर वाटत असेल तर इनपुटचा 2.2 मायक्रोफॅरड काढून 0.22 किंवा 0.1 लावा, फरक लगेच ऐकू येतो.

पेडल ठीक असूनही गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज स्वच्छ होत नाही? मग फझच्या आधी बफर (सिग्नलला बळ देणारं सर्किट, अनेक पेडलांत असतं) किंवा वायरलेस रिसीव्हर आहे का पाहा. फझला पिकअप थेट हवा, म्हणून तो साखळीत सर्वात पहिला, गिटारच्या लगेच नंतर ठेवा. आणि पॉझिटिव्ह ग्राउंडचा फझ इतर पेडलांसोबत एकाच अडॅप्टरच्या डेझी चेनवर (अनेक पेडलांना वीज देणाऱ्या फाटे फुटलेल्या केबलवर) लावू नका. पुरवठा शॉर्ट होतो. त्याला स्वतंत्र बॅटरी द्या.

फझ पॉट फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, त्यातून डीसी प्रवाह वाहतोच. व्हॉल्यूम पॉट खरखरला तर मात्र आउटपुट कॅपॅसिटर गळतोय का तपासा, 10 नॅनोफॅरडचा नवा फिल्म कॅपॅसिटर लावून पाहा. पावसाळ्यात आणि किनाऱ्यालगत जॅकवर खारा थर साचतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर करा, आणि पेटीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.